घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस विकत घ्यावा की नको?

कॉम्प्युटर घेताना दुकानदार सांगतो, "अँटिव्हायरस टाकूनच न्या." घरी आल्यावर भाचा म्हणतो, "मामू, पैसे कशाला घालवले? आत आहेच की." खरं कुणाचं? आमचं उत्तर असं: बहुतेक घरांना वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज नसते, पण आत आहे तो चालू आहे का, हे बघायची गरज नक्की असते.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय असतं ते आठवून बघा. मुलांच्या मार्कशीट, शिष्यवृत्तीचे अर्ज, हजसाठी किंवा आखातातल्या नोकरीसाठी स्कॅन केलेला पासपोर्ट, दुकानाचा हिशेब, लग्नाचे फोटो. 'रॅन्समवेअर' प्रकारचा व्हायरस या फाइलींना कुलूप लावतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर हेच केलं. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, ते अडकले.

आधी आहे ते तपासा

विंडोज १० आणि ११ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' फुकट येतो. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडा. हिरवी खूण असेल तर ठीक; लाल किंवा पिवळी असेल तर काय करायचं ते तिथेच लिहिलेलं असतं.

नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा थोड्या दिवसांचा ट्रायल अँटिव्हायरस असतो. तो चालू असेपर्यंत डिफेंडर बाजूला राहतो. मुदत संपली आणि पैसे भरायचे नसतील, तर तो अनइन्स्टॉल करा आणि डिफेंडर परत चालू झाला ना, याची खात्री करा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर चालवू शकत असेल तर विंडोज ११ घ्या. नवा अँटिव्हायरस टाकला म्हणून जुन्या विंडोजच्या फटी बुजत नाहीत.

विकत घ्यायचाच असेल तर

मुलांसाठी वेबसाइटवर बंधन हवं, घरात तीन-चार कॉम्प्युटर आहेत किंवा अडचणीत फोनवर मदत हवी, अशा वेळी घ्यायला हरकत नाही. मग हे बघा:

१. जर्मनीची 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियाची 'एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज' या संस्था अँटिव्हायरसची चाचणी घेऊन निकाल इंटरनेटवर फुकट देतात. जाहिरातीआधी ते वाचा. आपल्या पुण्याचा 'क्विक हील' असो की परदेशी कंपनी, कसोटी एकच लावा.

२. पहिल्या वर्षाची किंमत नको, दुसऱ्या वर्षाची विचारा. कार्डवरून आपोआप पैसे कापले जाणार असतील तर ते बंद करा.

३. एका लायसन्सवर किती कॉम्प्युटर चालतात ते बघा. रॅम कमी असेल तर आधी ट्रायल वापरा, कॉम्प्युटर रेंगाळतो का ते कळेल.

४. फुकटच्या अँटिव्हायरसची माहितीबाबतची अट वाचा. ग्राहकांची ब्राउझिंग माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने २०२४ मध्ये 'अवास्ट'ला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

५. दोन अँटिव्हायरस एकदम टाकू नका. ते एकमेकांत भांडतात आणि कॉम्प्युटर अडकतो.

अँटिव्हायरस जिथे हात टेकतो

'क्रॅक' केलेलं सॉफ्टवेअर टाकताना अनेकदा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे चोरासाठी आपणच कडी काढायची. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा," असं स्क्रीनवर आलं तर फोन करू नका, ब्राउझर बंद करा. ओटीपी आपण स्वतःच सांगितला तर कोणताही अँटिव्हायरस वाचवू शकत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर कळवा.

शेवटचं, पण सर्वात महत्त्वाचं: महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झालं की तिची वायर काढून टाका. लावून ठेवलेल्या डिस्कलाही रॅन्समवेअर कुलूप लावतो. ही प्रत असेल तर कॉम्प्युटर गेला तरी मुलांची कागदपत्रं आणि घरच्या आठवणी राहतील.