रॉकेलचा डबा आणि चामड्याचा वॉशर

१२ नोव्हेंबर १९१२ रोजी अंटार्क्टिकात एका शोधपथकाला बर्फात बुडालेला तंबू सापडला. आत तीन मृतदेह होते: रॉबर्ट फाल्कन स्कॉट, एडवर्ड विल्सन आणि हेन्री बॉवर्स. तिघं दक्षिण ध्रुवावर जाऊन परत येत होते. रोजनिशा, पत्रं, १६ किलो दगडांचे नमुने असं बरंच काही मागे राहिलं होतं. स्कॉटच्या शेजारी एक दिवा होता, पत्र्याच्या डब्यापासून बनवलेला. त्याची वात पायातल्या फरच्या बुटातून काढलेली होती. उरलंसुरलं स्पिरिट त्यात जाळलं होतं. त्याआधीच रॉकेल संपलं होतं.

या मोहिमेवर शंभर वर्षांत ढीगभर लिहिलं गेलंय. स्कॉट शूर होता की हेकट, त्याने कुत्र्यांऐवजी घोडे का नेले, ध्रुवावर नॉर्वेचा झेंडा आधीच फडकताना पाहून त्याचं काय झालं, हे सगळं वाचून झालं तरी माझ्या मनातून तो दिवा जात नाही. कारण त्याच्यामागची गोष्ट शौर्याची नाही, सामानाच्या यादीची आहे. लांबच्या पायी प्रवासात स्टोचं इंधन वाटेत कुठे, किती आणि कशात ठेवायचं, एवढाच तो प्रश्न.

बर्फ भरपूर, पाणी नाही

इंधन म्हटलं की आपल्याला स्वयंपाक आठवतो. ध्रुवावर ते आधी पाण्यासाठी लागतं. चहूकडे बर्फ असतो, पण प्यायला थेंब नसतो. दहावीत ‘अप्रकट उष्मा’ शिकल्याचं आठवत असेल. शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तितकंच पाणी ० पासून ८० अंशांपर्यंत तापतं. त्यात बर्फ उणे ३० अंशांवर असेल, तर आधी त्याला शून्यापर्यंत आणायचं. म्हणजे चहाचं पाणी उकळेपर्यंत जी उष्णता खर्च होते, तिच्यातली जवळपास निम्मी बर्फाचं पाणी होण्यातच जाते.

हे काम करणारं यंत्र होतं प्रायमस स्टो. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने तो १८९२ मध्ये बनवला. टाकीत हवा भरायची, त्या दाबाने रॉकेल तापलेल्या नळीत चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि ती निळ्या ज्योतीने, काजळी न धरता जळते. नॉर्वेच्या नान्सेनने त्याच्याभोवती भांड्यात भांडं अशी रचना केली. आत जेवण शिजतं आणि निसटणाऱ्या उष्णतेवर बाहेरच्या कड्यात बर्फ वितळतो. स्कॉट आणि त्याचा प्रतिस्पर्धी रोआल्ड आमुंडसेन, दोघांची भिस्त याच स्टोवर होती.

हाच स्टो आपल्याकडेही घरोघरी आला. माझ्या आजीकडे पितळी स्टो होता. आधी स्पिरिटचा काकडा लावायचा, मग पंप मारायचा आणि ज्योत फडफडली की पिन मारायची. कधी पंप मारूनही हवा भरायची नाही. तेव्हा आजी पंपाचा दांडा बाहेर काढायची आणि त्याच्या टोकाच्या चामड्याच्या वॉशरला तेल लावायची. चामडं सुकलं की आकसतं आणि फट पडते, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. हा वॉशर लक्षात ठेवा.

साखळीतल्या कड्या

स्कॉटचा तळ ते ध्रुव आणि परत, हे अंतर सुमारे २,९०० किलोमीटर. इतक्या दिवसांचं अन्न आणि रॉकेल स्लेजवर लादून नेणं अशक्यच. म्हणून वाटेत साठे करायचे. काही आदल्या मोसमात, तर काही जाता जाता, परतीसाठी. बर्फाचा उंच ढिगारा रचायचा, अन्न पुरायचं आणि रॉकेलचे डबे ठेवायचे. मदतनीस तुकड्या टप्प्याटप्प्याने मागे फिरत, आणि प्रत्येक तुकडीने साठ्यातला फक्त आपला वाटा घ्यायचा, असा नियम होता.

या पद्धतीची खुबी म्हणजे वजन वाचतं. धोका असा, की प्रत्येक साठ्यात पुढच्या साठ्यापर्यंत पोचण्यापुरतंच असतं. एक कडी सैल पडली, की पुढची लांब जाते.

रॉकेलचा एक त्रास स्कॉटला आधीच माहीत होता. १९०१ ते १९०४ च्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेत त्याच्या डब्यांना बुचं होती, आणि कितीही घट्ट बसवली तरी रॉकेल हळूहळू झिरपायचं. तेव्हा पुढच्या मोहिमेसाठी बदल झाला. बुचांच्या जागी पत्र्याची फिरकीची झाकणं आली. झाकणाखाली फट बुजवायला चामड्याचे वॉशर होते.

तीन साठे, तीन धक्के

१७ जानेवारी १९१२ ला पाच जण ध्रुवावर पोचले. परतताना एडगर इव्हान्स वाटेत गेला. उरलेले चौघं २४ फेब्रुवारीला बॅरियरवरच्या, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या अफाट हिमपठारावरच्या, पहिल्या साठ्याशी आले. स्कॉटच्या रोजनिशीत नोंद आहे, की बाकी सगळं जागच्या जागी, पण तेल कमी. पुढचा साठा १ मार्चला. तिथेही तेल कमी, इतकं की अगदी काटकसर केली तरी ७१ मैलांवरच्या पुढच्या साठ्यापर्यंत जेमतेम पुरेल. ९ मार्चला तोही आला, आणि तिथेही वाटा अपुराच निघाला.

रॉकेल कमी म्हणजे नेमकं काय, ते रोजनिशी वाचताना कळतं. पेमिकन, म्हणजे चरबी आणि सुक्या मांसाचा गोळा, नुसता गारठा मोडून खायचा. पाणी कमी प्यायचं. ओले मोजे आणि बूट वाळत नाहीत, सकाळी ते पायात चढवायलाच तासाच्या वर वेळ जातो, म्हणजे चाल कमी होते. चाल कमी झाली, की त्याच अंतराला जास्त दिवस लागतात, आणि जास्त दिवसांना जास्त रॉकेल. लॉरेन्स ओट्सचे पाय गेले आणि एका सकाळी तो वादळात तंबूबाहेर निघून गेला, तो परत न येण्यासाठीच. उरलेल्या तिघांचा शेवटचा मुक्काम ‘वन टन’ साठ्यापासून ११ मैलांवर पडला. तिथे अन्नही होतं आणि तेलही. विल्सन आणि बॉवर्स इंधन आणायला निघणार होते, पण वादळ थांबलं नाही. बॉवर्स हा मोहिमेच्या साठ्यांचा हिशेब सांभाळणारा माणूस होता.

जनतेसाठी लिहिलेल्या शेवटच्या निवेदनात स्कॉटने इंधनाच्या तुटीचा उल्लेख केला, आणि ती कशी झाली हे आपल्याला कळत नाही असंही म्हटलं. आधी मागे फिरलेल्यांनी जास्त घेतलं का, अशी शंका कुणालाही यावी. पण त्यांनी आपापलाच वाटा घेतला होता.

उत्तर मोहिमेच्या तळावरच मिळालं. सप्टेंबर १९११ मध्ये केप इव्हान्सला लाकडी खोक्यात एकेक गॅलनचे, म्हणजे साधारण साडेचार लिटरचे, आठ डबे ठेवले होते. ते बर्फाखाली गेले आणि डिसेंबर १९१२ मध्ये उकरून काढले गेले. तीन भरलेले होते, तीन रिकामे. एक एक तृतीयांश भरलेला, एक दोन तृतीयांश. कुणी हात लावला नव्हता. कडक थंडीत चामडं निकामी झालं होतं. वाटेवरच्या साठ्यांत तर डबे पटकन हाती यावेत म्हणून ढिगाऱ्यावर उघड्यावर ठेवलेले असत. उन्हाने आतल्या तेलाची वाफ व्हायची आणि ती त्या फटीतून निघून जायची.

दुसऱ्याचा डबा

आमुंडसेनने काय केलं? त्याने डबे डाख देऊन बंद केले. लागेल तेव्हा उघडायचे. तो १४ डिसेंबर १९११ ला ध्रुवावर पोचला आणि २५ जानेवारी १९१२ ला पाचही माणसांसह तळावर परतला. परतीच्या वाटेवर त्याच्याकडे इतकं शिल्लक होतं, की माउंट बेट्टी नावाच्या टेकाडावर त्याने दगडांचा ढीग रचून १७ लिटर रॉकेलचा डबा, काड्यापेट्या आणि एक चिठ्ठी मागे ठेवली. १९२९ मध्ये लॉरेन्स गुल्डच्या तुकडीला तो ढीग जसाच्या तसा सापडला.

मग स्कॉट एका वॉशरमुळे मेला का? नाही. मृत्यू इतका सोपा नसतो. शेवटच्या टप्प्यात चारांऐवजी पाच माणसं नेल्यामुळे स्वयंपाकाला रोज साधारण अर्धा तास जास्त लागतो, हे त्याने स्वतःच नोंदवलं होतं, आणि सामान चौघांच्या हिशेबाने बांधलेलं होतं. ‘वन टन’ साठा ८० अक्षांशावर करायचा होता, पण घोडे थकल्यामुळे तो सुमारे ३० सागरी मैल अलीकडेच झाला. सुझन सॉलोमन या शास्त्रज्ञ म्हणतात, की त्या मार्चमधली थंडी नेहमीपेक्षा फारच कडक होती. मला हे सगळं पटतं. पण थंडी माणसाच्या हातात नसते, डबा असतो. शिवाय बाकीच्या प्रत्येक संकटाला तोंड द्यायला जी एक गोष्ट लागणार होती, तीच डब्यातून गुपचूप उडून जात होती.

मला यात खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. स्कॉटने हलगर्जीपणा केला नव्हता. जुनी चूक ओळखली होती, तिच्यावर उपायही केला होता. पण तो उपाय वर्षभर बर्फात ठेवून, मग डबा उघडून पाहिला नव्हता. किती रॉकेल ठेवलं, हे कागदावर होतं. किती उरेल, ते कागदावर कधीच नव्हतं.

आज आपण हिमालयात ट्रेकला जातो तेव्हा गॅसचे छोटे डबे मोजतो. ते विमानात नेता येत नाहीत, म्हणून पायथ्याच्या गावात मिळतील असं गृहीत धरतो. नुसत्या ब्युटेनची शून्याच्या आसपास वाफच होत नाही, हे विसरून दिवसांना डब्यांनी गुणतो. गुणाकार बरोबर येतो. मी आता यादी करताना प्रत्येक आकड्यापुढे एक प्रश्न लिहितो: हे मी कुठे आणि कशाच्या भरवशावर ठेवलंय? बहुतेक वेळा उत्तर एखादी फुटकळ वस्तू असते. झाकण, नळी, वॉशर. तीच आधी तपासायची.