मुक्या जिवाची पाठ

परळच्या बाजूला तुमचे जाणे-येणे असेल, तर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे हॉस्पिटल तुम्ही पाहिलेच असेल. कडेवर कुत्रे, टोपलीत मांजर घेऊन माणसे तेथे येतात. पण हे हॉस्पिटल उभे राहिले तेव्हा मुंबईपुढे मोठा प्रश्न होता तो घोड्याबैलांचा.

तो काळ जरा डोळ्यांसमोर आणा. 9 मे 1874 रोजी मुंबईत ट्राम सुरू झाली. विजेची नव्हे बरे का, घोड्यांची! विजेची ट्राम आली ती 1907 साली. माणसांनी भरलेली गाडी दर थांब्यावर नव्याने हलवायची, म्हणजे पहिला हिसका घोड्याच्या खांद्यावर, पाठीवर नि मागच्या पायांवर. घोडा अधू झाला की साळोत्र्याला बोलवायचे. प्राचीन अश्ववैद्य शालिहोत्र याच्या नावावरून हा शब्द आला. साळोत्री लेप लावी, डाग देई. त्याला उतार पडला नाही, तर जनावराचे नशीब!

त्याच 1874 साली मुंबईत प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी संस्था निघाली. पुढच्या दशकात सर दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून परळचे हॉस्पिटल झाले आणि 1886 साली तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे लष्करातले पशुवैद्य. मुके जनावर कोठे दुखते ते सांगत नाही, म्हणून पशुवैद्याला त्याची चाल वाचावी लागते. घोड्याला कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवले, की दुखरा पुढचा पाय टेकताना तो मान वर उचलतो. एवढी खूण जाणत्याला पुरते.

इकडे हे शिक्षण चालू असता 1895 साली अमेरिकेत डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल पामर यांनी ‘कायरोप्रॅक्टिक’ची सुरुवात केली. हाताने मणक्यांना नेमका झटका द्यायचा, ही त्यातली मुख्य क्रिया. आपल्या हाडवैद्याची आठवण झाली ना? पुढे हा हात घोड्याकुत्र्यांच्या पाठीवरही फिरू लागला. बहुतेक रोगांचे मूळ पाठीच्या कण्यात आहे, हे पामर यांचे म्हणणे मात्र शास्त्राने मानलेले नाही.

मग यात तथ्य किती? घोड्यांवरील काही लहान प्रयोगांत पाठीचा ताठरपणा व दुखरेपणा कमी झालेला दिसला, पण तेवढा पुरावा पुरेसा नाही. घोड्याच्या पाठीत छातीचे 18 आणि कमरेचे 6 मणके, वर जाड स्नायूंचे थर. ‘सरकलेले हाड बसवले’ असे कोणी म्हणाले, तर लगेच विश्वास ठेवू नये. डॅशहंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यात मणक्यांमधली चकती फुटून मज्जारज्जूवर दाबते. अशा वेळी चुकीचा झटका बसला, तर मागचे पाय कायमचे जाऊ शकतात.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने 2015 साली दिला. रस्त्यावरचा घोडा गेला, पण गिरगाव-दादरच्या घरांत कुत्री-मांजरे आहेत. उद्या तुमचे कुत्रे जिना चढताना थबकले, पाठीला हात लावताच कळवळले, तर घरी चोळत बसू नका. आधी पशुवैद्याला त्याची चाल दाखवा. मागचे पाय लुळे पडले, तर सकाळची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा. कोणाचा हात पाठीवर फिरवायचाच, तर तो पशुवैद्याने निदान केल्यावर आणि त्याच्या सल्ल्याने.