अकरावी प्रवेश : गुणांपलीकडचे गणित

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात, नातेवाइकांचे फोन येऊन जातात आणि त्यानंतर घराघरांत एका वेगळ्याच परीक्षेला सुरुवात होते. अकरावी प्रवेशाची ही परीक्षा बहुतांशी पालकच देतात. तिचा अभ्यासक्रम मात्र त्यांना आधी कोणी सांगितलेला नसतो.

पहिला धक्का टक्केवारीचा असतो. आज दहावीतल्या मुलांच्या पालकांनी स्वतः ७५ टक्के गुण मिळवले तेव्हा गल्लीत कौतुक झाले होते. २०२५ साली राज्य मंडळाचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि २११ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत, शाळेच्या हातातले अंतर्गत गुण, त्यावर चित्रकला, लोककला वा क्रीडा यांचे वाढीव गुण, अशी ही चढण आहे. अंतर्गत गुणांचे वजन किती, हे २०१९ मध्ये दिसले. त्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण रद्द झाले आणि आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ते गुण पुढच्याच वर्षी परत आले. तात्पर्य, ९१ टक्के हा आकडा विद्यार्थ्याची गुणवत्ता जितकी सांगतो, त्याहून अधिक रांगेतली त्याची जागा सांगतो. ती जागा त्या वर्षी रांगेत आणखी कोण उभे आहे यावर ठरते.

दुसरा गैरसमज जागांविषयीचा. प्रवेशाला जागाच नाहीत, असे दरवर्षी म्हटले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. २०२५-२६ पासून ऑनलाइन केंद्रीय प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली, तेव्हा उपलब्ध जागा २० लाखांहून अधिक होत्या आणि राज्य मंडळातून उत्तीर्ण झालेले नियमित विद्यार्थी सुमारे साडेचौदा लाख. टंचाई असते ती रुईया, रूपारेल, पोदार, फर्ग्युसन अशा मोजक्या नावांची. सगळा ताण त्या नावांभोवती गोळा होतो आणि कित्येक वर्ग रिकामे राहतात.

पसंतीक्रमाचा फास

अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वैयक्तिक माहिती व गुण, दुसऱ्यात महाविद्यालयांचा पसंतीक्रम. मोठे नाव पहिले टाकले तर दुसऱ्या क्रमांकाचे महाविद्यालयही हातचे जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे. विद्यार्थ्यांचा विचार गुणानुक्रमे होतो आणि प्रत्येकाला त्याच्या यादीतले, जागा शिल्लक असलेले सर्वांत वरचे महाविद्यालय मिळते. पहिले मिळाले नाही म्हणून दुसऱ्यावरचा हक्क कमी होत नाही.

खरा धोका निराळा आहे आणि तो बहुधा यादी लागल्यावरच कळतो. २०२५-२६ च्या नियमांनुसार पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. न घेतल्यास विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होऊन अगदी शेवटच्या, सर्वांसाठी खुल्या फेरीची वाट पाहत राहणार. दुसऱ्या किंवा त्याखालच्या पसंतीचे मिळाले तर मात्र थांबण्याची मुभा. त्यामुळे ‘बघू तर खरे’ म्हणून पहिल्या रकान्यात भरलेले नाव हे गमतीचे प्रकरण राहत नाही. त्या वर्षी पहिल्या फेरीत सुमारे ६ लाख ३२ हजार विद्यार्थ्यांना जागा मिळाल्या आणि त्यांतील साडेचार लाखांहून अधिक पहिल्या पसंतीच्या होत्या. म्हणजे हा नियम थोड्यांना नव्हे, बहुसंख्यांना लागू झाला.

यातच शुल्काची गोम दडलेली असते. एकाच महाविद्यालयात, एकाच शाखेच्या अनुदानित व विनाअनुदानित तुकड्या असू शकतात. इमारत तीच, पाटीवरचे नाव तेच. पण प्रवेशयादीत त्या स्वतंत्र नोंदी असतात, त्यांची कट-ऑफ वेगळी असते आणि शुल्कात मोठा फरक असतो. विनाअनुदानित तुकडीची कट-ऑफ अनेकदा खाली असते, म्हणून ती आकर्षक दिसते. नाव पाहून पहिली पसंती भरली, यादीत नाव आले, घरी आनंद झाला आणि शुल्काचा आकडा प्रवेशाच्या खिडकीवर कळला, अशी वेळ आली की कुटुंबापुढे दोनच वाटा उरतात : पैशांची जुळवाजुळव किंवा शेवटच्या फेरीपर्यंत घरी बसणे. शाखा, माध्यम आणि अनुदानाचा प्रकार हे तीन रकाने महाविद्यालयाच्या नावाआधी वाचावेत, ते यासाठी.

कोट्यांचे कोडे

कट-ऑफपेक्षा कमी गुण असलेला शेजारचा मुलगा त्याच महाविद्यालयात कसा, हा प्रश्न पालकांच्या मनात सर्वाधिक कटुता निर्माण करतो. उत्तर बहुधा कोट्यात असते. संस्थांतर्गत १० टक्के, व्यवस्थापन ५ टक्के आणि अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजासाठी ५० टक्क्यांपर्यंत जागा राखीव असतात. अशा संस्थेत सर्वसाधारण गुणवत्ता यादीसाठी किती जागा उरतात, हे गणित कोणालाही करता येईल. २०२५ मध्ये या कोट्यांचे प्रवेश ‘शून्य फेरी’त, म्हणजे पहिल्या यादीच्या आधीच सुरू झाले. कोट्यात बसणाऱ्या कित्येक घरांना ही संधी होती हेच ती निघून गेल्यावर कळते. व्यवस्थापन कोट्याच्या नावाखाली देणगी मागणे मात्र १९८७ च्या कॅपिटेशन फी मनाई कायद्याने गुन्हा आहे, हे ठाऊक असूनही अडलेला पालक तक्रार करत नाही.

नियमच ऐनवेळी बदलणे हा तर या प्रक्रियेचा स्थायीभाव. २००८ मध्ये निरनिराळ्या मंडळांच्या गुणांचा मेळ घालण्यासाठी आणलेले ‘पर्सेंटाइल’ सूत्र मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये, मुंबईत ऑनलाइन प्रवेश सुरू झाले त्याच वर्षी, राज्य मंडळासाठी ९० टक्के जागांचा निर्णयही रद्द झाला. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ जूनमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केले. २०२० मध्ये मराठा आरक्षणाला सप्टेंबरमध्ये स्थगिती मिळाल्याने फेऱ्या मध्येच थांबल्या, तर २०२१ ची अकरावी सीईटी परीक्षेला अवघे अकरा दिवस उरले असताना रद्द झाली. यातला प्रत्येक वाद तात्त्विकदृष्ट्या महत्त्वाचा होता. त्या-त्या वर्षीच्या मुलांच्या वाट्याला मात्र उशिरा सुरू झालेले वर्ग आणि घाईत उरकलेला अभ्यासक्रम आला.

ऑनलाइनपूर्व काळात परिस्थिती सुखाची होती असे नाही. महाविद्यालयागणिक वेगळा अर्ज, वेगळी रांग, पावसात भिजत सूचनाफलकावर नाव शोधणे, हे सर्व मुंबई-पुण्याच्या पालकांनी सोसले आहे. संगणकाने ती पायपीट वाचवली. पण २१ मे २०२५ रोजी राज्यव्यापी प्रक्रियेच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे गेली. शहरी पालकांसाठी तो नेहमीचाच त्रास होता. तालुक्याच्या गावी, जेथे शाळेशेजारच्या कनिष्ठ महाविद्यालयात दाखला आणि गुणपत्रिका दिली की नाव लागत असे, तेथील पालकांना मात्र लॉगिन, पासवर्ड आणि पसंतीक्रम हे शब्द त्या उन्हाळ्यात प्रथमच भेटले. अनेकांचे अर्ज सायबर कॅफेचालकाने भरले. पसंतीचा पहिला रकानाही त्यानेच.