तळटीप १२ : करीइंग

१२. करीइंग : अनेक मूल्ये एकदम घेणारे फंक्शन, एका वेळी एकच मूल्य घेणाऱ्या फंक्शनांच्या साखळीत मांडण्याची रीत. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी (१९००–१९८२) यांच्यावरून हे नाव पडले. कल्पना मात्र त्यांच्या आधी मोझेस शॉनफिंकेल यांनी १९२४ च्या निबंधात मांडली होती. ते श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

उदाहरण जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचे घेऊ. तिथे माल २० किलोच्या क्रेटने विकला जातो आणि दरही क्रेटमागे बोलला जातो. म्हणून पट्टीची, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबाची, ओळ अशी :

पट्टी = दर => क्रेट => दर * क्रेट

पट्टी(४००) एवढेच लिहिले तर रक्कम मिळत नाही. ४०० रुपये दर धरून ठेवलेले नवे फंक्शन हाती येते. त्याला ‘चारशेने’ असे नाव दिले, की चारशेने(२५) म्हणजे १०,००० रुपये आणि चारशेने(६०) म्हणजे २४,००० रुपये. त्याच दराने माल गेलेल्या प्रत्येक शेतकऱ्यासाठी दर पुन्हा लिहावा लागत नाही, हाच या रीतीचा खरा फायदा. हमाली-तोलाईची वजावट या ओळीत धरलेली नाही.

बाणाच्या खुणेने फंक्शन लिहिण्याची सोय जावास्क्रिप्टमध्ये २०१५ च्या आवृत्तीपासून आहे. देवनागरी नावे जावास्क्रिप्टला चालतात. करून पाहताना आकडे मात्र इंग्रजी अंकांतच टाइप करावेत.