बर्फावरचा पट्टा

पिठाच्या गिरणीतला पट्टा चाकावरून घसरला, तर दळण खोळंबते, इतकेच. पण कॅनडातील एका पट्ट्याची हकिगत एका लेकराच्या मृत्यूशी जोडलेली आहे.

क्वेबेक प्रांतात व्हालकूर गावी झोझेफ-आर्मां बोंबार्डिये गॅरेज चालवी. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले, इस्पितळ दूर, पोर दगावले. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा नाद बापाला पंधराव्या वर्षापासून होताच. चाक बर्फात रुतते, म्हणून त्याने रबर मढवलेल्या दातेरी चाकावर पट्टा फिरवला. १९३७ साली त्याचे पेटंट मिळाले. मग त्याच्या मोठ्या गाड्यांतून डॉक्टर, टपाल, शाळेची मुलेसुद्धा जाऊ लागली. १९५९ साली एकट्यादुकट्याची हलकी स्की-डू निघाली. तिचा अखंड रबरी पट्टा थोरला मुलगा जर्मेन याच्या खटपटीतून आलेला.

हा पट्टा एका अंगाला गेला, की कडा घासून फाटतात. आडरानात तो तुटला तर काय, हे सांगायला नकोच! म्हणून गाडीचा मागचा भाग उचलून पट्टा सावकाश फिरवतात. दोन्हीकडे अंतर सारखे हवे. मागच्या आसाला डावी-उजवीकडे बोल्ट असतात. पट्टा उजवीकडे ओढत असेल, तर इंजिन बंद करून उजवाच बोल्ट किंचित आवळायचा. कारण पट्टा सैल बाजूकडे सरकतो. नवख्याला हे उलटे वाटते. फार ताणला तर इंजिनावर बोजा पडतो, ढिला राहिला तर दात निसटतात. शेवटी नट घट्ट करून थोडे चालवायचे, नि पुन्हा पाहायचे.