वजनकाटा ओळखतो गिनिपिगचे दुखणे

‘रात्रीपर्यंत ठणठणीत होता, सकाळी पाहतो तर पिंजऱ्यात निपचित पडलेला,’ अशी हळहळ गिनिपिग पाळणाऱ्या घरांत अनेकदा ऐकू येते. फ्लॅटमध्ये सहज मावणारा, सहसा न चावणारा हा प्राणी बहुधा मुलांच्या हट्टापायी घरात येतो. तो असा गेला, की मुलांची समजूत काढताना आईवडिलांची पंचाईत होते. मात्र यातील पुष्कळसे मृत्यू खऱ्या अर्थाने अचानक नसतात. दुखणे काही दिवस, कधी काही आठवडे आधीच सुरू झालेले असते. डोळ्यांना ते दिसत नाही; वजनकाट्यावर मात्र ते बरेच आधी उमटते.

दुखणे लपवणारा प्राणी

गिनिपिग हा नावाप्रमाणे गिनी देशातला नाही आणि डुकराच्या जातीतलाही नाही. उंदीर-खारींप्रमाणे तो कुरतडणाऱ्या प्राण्यांत मोडतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत हजारो वर्षांपूर्वी माणसाने त्याला पाळीव केले. त्याचे रानटी नातलग हिंस्र पशुपक्ष्यांचे भक्ष्य असतात. अशा प्राण्याने अशक्तपणा दाखवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. त्यामुळे आजारी गिनिपिगही माणूस जवळ येताच नेहमीसारखा वागतो, खाण्याजवळ जाऊन बसतो. अंगावरचे दाट केस तर झडलेले मांसही झाकून टाकतात.

वजन किती असावे?

जन्मलेले पिल्लू साधारणपणे ७० ते १०० ग्रॅमचे असते. पहिल्या दोन महिन्यांत ते आठवड्याला सुमारे २५ ते ५० ग्रॅमने वाढते. पुढे वाढीचा वेग मंदावतो आणि वर्षभराच्या सुमारास वजन स्थिरावते. पूर्ण वाढलेला नर साधारणपणे ९०० ते १२०० ग्रॅम, तर मादी ७०० ते ९०० ग्रॅम भरते. पेरू देशात मांसासाठी पैदास केलेली मोठी वाणे याहून बरीच जड असतात; ते आकडे घरच्या प्राण्याला लावू नयेत. एखादी धडधाकट मादी हजार ग्रॅमचीही असू शकते. म्हणून तक्त्यातील आकड्यापेक्षा आपल्या प्राण्याचे निरोगी अवस्थेतील वजन हेच खरे मोजमाप समजावे.

वजन कसे करावे?

स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा यासाठी पुरेसा आहे. काट्यावर खोलगट प्लॅस्टिकचा डबा ठेवून त्यात जुना नॅपकिन अंथरावा आणि आकडा शून्यावर आणावा. एक हात छातीखाली व दुसरा मागच्या भागाखाली घालून प्राण्याला उचलावे आणि अलगद डब्यात ठेवावे. समोर कोथिंबिरीची काडी धरली, की तो क्षणभर स्थिर राहतो. उडी मारून पडल्यास हाड मोडू शकते, म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा सतत असावा.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळच्या खाण्याआधी करावे. पिल्ले, म्हातारे, आजारी प्राणी आणि गाभण मादी यांचे वजन रोज करणे चांगले. वहीत तारीख, वजन, भूक कशी आहे आणि लेंड्या नेहमीसारख्या आहेत का, एवढ्या चार नोंदी पुरतात.

आकडा कसा वाचावा?

खाणे, पाणी आणि लेंड्यांमुळे वजनात २० ते ३० ग्रॅमचा फरक सहज पडतो. तेवढ्याने घाबरू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करावे. आठवड्यात ६० ग्रॅमच्या आसपास घट दिसली, तर रोज वजन करून खाण्यावर बारीक लक्ष ठेवावे. ८५ ग्रॅमच्या पुढे किंवा मूळ वजनाच्या दहा टक्के घट झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. ९५० ग्रॅमच्या प्राण्यासाठी ही मर्यादा ९५ ग्रॅम होते.

संथ घट अधिक फसवी असते. आठवड्याला १५ ग्रॅम कमी झाले, तर दर वेळी ‘एवढे तर होतेच’ असे वाटते. पण सहा आठवड्यांत ९० ग्रॅम जातात आणि ९५० चा प्राणी ८६० वर येतो. म्हणून प्रत्येक आकडा मागच्या आठवड्याशी आणि मूळ निरोगी वजनाशी, असा दोहोंशी ताडून पाहावा. आणि प्राण्याने बारा तास तोंडाला काहीच लावले नाही, तर काट्याची वाटही पाहू नये. या प्राण्याचे आतडे सतत चालते राहावे लागते. ते थंडावले, की प्रकृती झपाट्याने ढासळते.

वजन का घटते?

गिनिपिगचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत चघळून ते झिजले नाहीत, तर दाढांना धारदार कडा येतात व जीभ जखडली जाते. हनुवटी ओली राहणे, कडक पदार्थ टाकून मऊ तेवढेच खाणे ही त्याची लक्षणे.

दुसरे कारण ‘क’ जीवनसत्त्वाचा अभाव. माणसाप्रमाणेच गिनिपिगचे शरीर हे जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रॉलिख या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये गिनिपिगमध्येच स्कर्व्ही निर्माण करून हा रोग आहाराशी निगडित असल्याचे दाखवले. त्याला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले, की सांधे दुखतात, केस राठ होतात आणि वजन उतरते.

मूतखडा, फुप्फुसांचा संसर्ग, उन्हाळ्याची काहिली आणि दांडगट जोडीदाराने खाऊ न देणे हीही कारणे असतात. तापमान २७ अंशांच्या वर गेले, की हा प्राणी हैराण होतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत त्याला घरातील सर्वांत थंड, हवेशीर जागा द्यावी. दोन प्राणी असतील, तर खाण्याची भांडी वेगळी ठेवावीत.

वाढलेले वजनही वाईट

लठ्ठ गिनिपिगच्या तळपायांना जखमा होतात आणि यकृतावर ताण येतो. मात्र वजन उतरवण्यासाठी त्याला उपाशी ठेवणे घातक आहे. सुके गवत दिवसभर मुबलक द्यावे, तयार खाद्य दोन मोठ्या चमच्यांवर आणावे आणि पोळी, भात, बिस्किटे पूर्ण बंद करावीत. कांदा, लसूण, बटाटा कधीच देऊ नये. ढोबळी मिरची व कोथिंबीर रोज थोडी चालते. पेरूची फोड अधूनमधूनच द्यावी. लसूणघासात कॅल्शियम अधिक असल्याने तो पिल्ले व गाभण मादी यांच्यासाठीच ठेवावा.

काटाही कधी फसवतो. गर्भारपण, अंडाशयातील गाठ किंवा पोटातील सूज यांमुळे पोट फुगते आणि आकडा तसाच राहतो. यासाठी वजन करताना पाठीवरून व बरगड्यांवरून हात फिरवावा. हलक्या दाबाने बरगड्या लागल्या, तर ठीक. कणा टोचू लागला, तर प्राणी खंगत आहे असे समजावे.

औषध घरचे नको

अनेक दवाखान्यांत प्रामुख्याने कुत्र्या-मांजरांवरच उपचार होतात. गिनिपिगवर उपचार करणारा पशुवैद्यक प्राणी निरोगी असतानाच शोधून ठेवावा. ॲमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातील औषधे पोटातून दिल्यास त्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि प्राणी दगावू शकतो. म्हणून माणसांसाठी आणलेले उरलेसुरले औषध कदापि देऊ नये. तपासणीस जाताना वजनाची वही मात्र सोबत न्यावी. प्राणी बोलत नाही आणि मालकाला तारखा आठवत नाहीत; घट नेमकी कधी सुरू झाली, ते वहीवरून डॉक्टरांना लगेच कळते.

नीट सांभाळलेला गिनिपिग पाच ते सात वर्षे जगतो. ही वही घरातील मुलाकडेच सोपवावी. रविवारी सकाळची पाच मिनिटे त्याने या कामाला दिली, तरी जिवावरचे दुखणे वेळेत ध्यानात येऊ शकते.