तेरचा त्रिविक्रम

धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी तेर वसलं आहे. वारकऱ्यांना हे गाव ठाऊक आहे ते गोरोबाकाकांचं म्हणून. त्यांची समाधी इथेच आहे. पण गोरोबाकाकांच्याही हजारेक वर्षं आधी इथे तगर नावाचं नांदतं शहर होतं. पहिल्या शतकातल्या एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’मध्ये लिहून ठेवलं आहे, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर लागतं आणि तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात आणतात. पुढे शहराची रया गेली, तरी कोकण-कोल्हापूरचे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवत राहिले.

त्या जुन्या तगराची आठवण आज उभी आहे ती त्रिविक्रम मंदिराच्या रूपात. देव विष्णूचा, तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा. इमारत मात्र वेगळंच काही सांगते. मागची बाजू अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार छत आणि दर्शनी भागावर चैत्यकमान. कार्ले-भाजे इथल्या लेण्यांत कातळात कोरलेला हा घाट इथे विटांत बांधलेला आहे. असं बांधीव गजपृष्ठाकार मंदिर आंध्रातल्या चेझर्लाला आहे. देशात अशी उदाहरणं मोजकीच उरली आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझिन्स यांनी ही वास्तू पाहिली आणि मूळचा बौद्ध चैत्य पुढे विष्णुमंदिर झाला, असं मत मांडलं. ती पहिल्यापासून हिंदू देवळासाठीच बांधली असावी, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. वाद मिटलेला नाही. मात्र तगरात बौद्धांची वस्ती होती, यात शंका नाही: 1960 च्या दशकातल्या उत्खननात इथे विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष मिळाले.

एकाच जागी दोन धर्मांनी नांदणं दूरदेशीही घडलं. जपानात शिंतो देवस्थानं आणि बौद्ध मंदिरं शतकानुशतकं एकाच आवारात होती. 1868 मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून ती वेगळी केली. तेरला असा हुकूम कुणी काढला नाही.

स्तूपाचे उपासक गेले आणि तो मातीआड झाला. त्रिविक्रमापुढे दिवा लागत राहिला, म्हणून लोक भिंती सांभाळत आले. पुरातत्त्वज्ञ येण्याच्या कितीतरी आधी हे देऊळ वाचवलं ते गावाने, आणि याचं श्रेय गावाला मोकळेपणाने द्यायला हवं.

मातीआड गेलेलंही सगळं हरवलं नाही. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय गावातच आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत 1938 मध्ये मिळालेल्या भारतीय मूर्तीशी मिळतीजुळती आहे. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं; म्हणजे अशी कारागिरी त्याआधीच समुद्रापार पोचली होती.